सिल्व्हर स्टेनिंग बिघडते ते पाण्यामुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात प्रथिनांच्या जेलचे सिल्व्हर स्टेनिंग, म्हणजे जेलच्या पातळ थरात वेगळी केलेली प्रथिने दिसावीत म्हणून ती चांदीने रंगवणे, बिघडले, की खापर विद्यार्थ्याच्या हातावर नाहीतर सिल्व्हर नायट्रेटच्या जुन्या बाटलीवर फुटते. प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून अनेक वर्षे हे ट्रे हाताळल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की बहुतेक वेळा दोष पाण्याचा आणि घाईने उरकलेल्या धुण्याचा असतो.

१९७९ पासून वापरात असलेल्या या पद्धतीने, कुमासी ब्लू या नेहमीच्या निळ्या रंगाला दाद न देणारे, १ नॅनोग्रॅमच्या आसपासचे प्रथिनही दिसते. साहजिकच ग्लोव्हजविना लागलेले बोटही जेलवर काळे उमटते. आमच्याकडे एकदा नळाच्या पाण्याने विसळलेल्या ट्रेमध्ये सिल्व्हर नायट्रेट ओतले, तर द्रावण पाहता पाहता ताकासारखे पांढुरके झाले. पाण्यातल्या क्लोराइडशी संयोग होऊन चांदीचा साका बसला होता. तेव्हापासून मी परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकतो आणि गढूळपणा दिसला तर ते पाणी वापरू देत नाही. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही.

पाणी चांगले असले तरी क्लोराइड जेलच्या बफरमध्येही (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातही) असते, शिवाय एसडीएस हे डिटर्जंट आणि ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते. ते निघून जाण्यासाठी जेल अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात निदान तासभर, शक्यतो रात्रभर ठेवावे लागते आणि त्यानंतर पाणी बदलून बदलून धुवावे लागते. दोन तासांच्या तासिकेत हे बसत नाही, म्हणून धुणेच कापले जाते आणि बॅकग्राउंड पिवळट-तपकिरी होते. याउलट सिल्व्हर नायट्रेटनंतरचे विसळणे मात्र अर्ध्या-एका मिनिटातच आटोपावे, कारण ते लांबले तर प्रथिनांना धरून बसलेली चांदीही सुटते आणि बँड, म्हणजे प्रथिनांचे पट्टे, फिके पडतात. डेव्हलपर, म्हणजे रंग उमटवणारे द्रावण, पिवळा पडताच ओतून टाकून ताजा घ्यावा, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे, की हे प्रात्यक्षिक सलग दोन दिवसांत विभागावे; पहिल्या दिवशी जेल चालवून (विजेच्या प्रवाहाने प्रथिने वेगळी करून) मिश्रणात ठेवावे आणि स्टेनिंग दुसऱ्या दिवशी करावे. महाविद्यालयांनीही नवी रसायने मागवण्याआधी डिस्टिलेशनचा संच दुरुस्त करून घ्यावा.

आपला,
एक प्रयोगशाळा साहाय्यक, नाशिक