हसवणाऱ्यांच्या गावाहून

व्हाल्बी, कोपनहेगन

ती. स्व. आप्पाकाकांस,
मीनलचा शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. तिकडं नटांचं पोटपाणी कसं चालतं, आणि विनोदी नटाला तिकडं तरी कोणी गंभीरपणे घेतं का. मी तोंड उघडलं तेवढ्यात काकूनं फोन घेऊन गुडघ्याच्या तेलाचं सुरू केलं. तेव्हा म्हटलं, लिहूनच कळवावं.

पोटपाण्याचं आधी. डेन्मार्क जेमतेम ६० लाखांचा देश आणि भाषा या देशाबाहेर फारशी कुणाला कळत नाही. नुसतं नाटक किंवा नुसता सिनेमा यावर कुणाचंच भागत नाही. त्यामुळे ज्याला हिवाळ्यात शोकांतिकेत बघावं तोच उन्हाळ्यात तंबूतल्या प्रहसनात दिसतो, रविवारी रात्री टीव्हीवर पोलीस असतो आणि मुलांच्या कार्टूनमध्ये अस्वलाचा आवाजही त्याचाच. आपल्याकडं नाटकवाले, सिरियलवाले आणि सिनेमावाले अशा जाती पडल्यात, तशा इथं नाहीत. नाट्यगृहांना सरकारी अनुदान आहे, सिनेमाला डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटकडून पैसा मिळतो. नटांची संघटना तर १९०४ पासूनची. तरीही रिकामे महिने कुणाला चुकत नाहीत. त्यासाठी बेकारी भत्त्याच्या फंडात वर्गणी भरून ठेवायची.

तुम्ही 'कसिनो रोयाल' बघितलाय ना, त्यातला डोळ्यातून रक्त येणारा खलनायक म्हणजे मॅड्स मिकेल्सन. आधी जिम्नॅस्ट, मग काही वर्षं व्यावसायिक नर्तक, त्यानंतर ऑर्हुस शहरातल्या नाट्यशाळेत शिकला. पहिला मोठा सिनेमा १९९६चा, तेव्हा तिशी उलटलेली. २०१२ साली कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस घेतलं आणि तरी इथं येऊन डॅनिश सिनेमे करतोच. असा माणूस रस्त्यात समोरून सायकलवर गेला तरी कुणी मान वळवून बघत नाही, सेल्फी तर दूरच. मला हे आधी तुसडेपणाचं वाटायचं, आता बरं वाटतं.

मान मात्र आहे. सिनेमाच्या जुन्या आणि मानाच्या पुरस्काराचं नाव 'बोदिल', दोन अभिनेत्रींवरून ठेवलेलं: बोदिल इप्सेन आणि बोदिल केर. आडनावाची गरजच नाही! १९९७ पासूनच्या २०० क्रोनरच्या नोटेवर योहाने लुइसे हायबर्ग होती, एकोणिसाव्या शतकातली नटी, गरीब स्थलांतरितांची मुलगी. तिच्या अभिनयावर चक्क तत्त्वज्ञ किर्केगार्डनं लेख लिहिला होता. ती नोट आता चलनातून गेली. आणि ओवे स्प्रोगो म्हणून एक नट होता, त्यानं तीस वर्षांत चौदा सिनेमांतून एगॉन ओल्सन नावाचा तिजोरीफोड्या रंगवला. दर वेळी मोठा बेत आखायचा आणि दर वेळी तुरुंगात जायचं. खऱ्या तुरुंगासमोरच्या रस्त्याला एगॉन ओल्सनचं नाव दिलंय, तो तुरुंग आता बंद झालाय. चोराच्या नावाचा रस्ता, तोही तुरुंगाच्या दारात. नगरपालिकेला विनोद कळतो म्हणायचा.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी इथला विनोदी नट डिर्क पासर याची गोष्ट सांगायला हवी.

१९२६चा जन्म, ताडमाड उंच, तांबडे केस. ८०-९० सिनेमे केले, पण त्याचं खरं राज्य 'रेव्ह्यू'त, म्हणजे गाणी, छोटे प्रवेश आणि राजकारण्यांच्या टोप्या उडवणं असलेला खेळ. केल पीटरसन त्याचा जोडीदार. केल चिडका, हिशेबी, आणि डिर्क शेजारी नुसता उभा. जुन्या फिती मी बघितल्यात. भाषा निम्मीच कळते, पण डिर्क काही न बोलता प्रेक्षकांकडं बघतो तेव्हा हसू आवरत नाही. केलला प्रवेशात हसू फुटू लागतं आणि डिर्क ते मुद्दाम वाढवत नेतो. १९६२ साली केल ४१ वर्षांचा असताना हृदयविकारानं गेला.

आणि या डिर्कला गंभीर काम करायचं होतं. अमेरिकन लेखक स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' नाटकामधला लेनी त्यानं केला, तो मंदबुद्धीचा आडदांड मजूर, ज्याच्या हातून माया करता करता जीव जातात. तो रंगमंचावर आला आणि लोक हसायला लागले. त्यांनी तिकीट काढलं होतं ते डिर्कचं. मग तो परत विदूषकीकडं वळला आणि शेवटपर्यंत तेच करत राहिला. ३ सप्टेंबर १९८० रोजी टिवोली बागेतल्या काचेच्या नाट्यगृहात, विदूषकाच्या वेषात, प्रवेशासाठी जायच्या तयारीत असतानाच तो कोसळला. वय ५४.

वाचताना तुम्हाला भावे नाट्यमंदिरातला तो प्रयोग आठवला असेल. तुमचं पहिलंच गंभीर वाक्य आणि मागच्या रांगेतून आलेला हशा. बाबा अजून त्या रांगेला शिव्या देतात.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि मला तुम्हाला सांगायचंय ते पुढचंच. डिर्कबरोबर रेव्ह्यूत प्रेबेन कोस हाही एक विनोदी नट असायचा. डिर्कनंतर काही महिन्यांतच, १९८१च्या मार्चमध्ये, तोही गेला. त्याचा मुलगा निकोलाय तेव्हा सात वर्षांचा होता. आई ॲन मेरी हेल्गर, तीही अभिनेत्री. हा निकोलाय ली कोस पुढं नट झाला आणि २०११ साली डिर्कवर सिनेमा निघाला तेव्हा डिर्क त्यानंच केला. बापाच्या सोबत्याला मुलानं उभं केलं.

निकोलायनं सुरुवातीपासून दोन्ही घरं सांभाळली. २००२ साली अपघातानंतर मानेखाली लुळा पडलेला तरुण केला, पुढच्याच वर्षी खाटकाच्या दुकानातला काळा विनोद, त्यात जुळ्या भावांची दुहेरी भूमिका. मग चार सिनेमांत कधीच न हसणारा पोलीस. कुणी हसलं नाही. मला वाटतं डिर्कचं काम कमी पडलं नव्हतं. लोकांना त्याच्याकडून एकच माल घ्यायची सवय लागली होती आणि ती मोडायला एक नाटक पुरत नाही. रॉयल थिएटरच्या जुन्या मंचावर कमानीच्या वर लिहिलंय, 'केवळ करमणुकीसाठी नव्हे'. पण हसायला आलेल्यांना वरची पाटी कोण वाचून दाखवणार?

इथल्या टाळ्यांचीही एक गंमत. सुरुवातीला आपल्यासारख्याच, पण थोड्या वेळात सगळं नाट्यगृह एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागतं आणि नट पुन्हा पुन्हा बाहेर येतात. भजनाला बसल्यासारखं वाटतं.

तेव्हा यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता निवडताना मंडळींनी परत तुम्हाला कारकून दिला तर ऐकू नका. एक गंभीर काम घ्या, पुढच्या वर्षी दुसरं घ्या. लोक पहिल्या वेळी हसतील, हसू देत. विनय दिवाळीला येतोय, त्याच्याबरोबर डिर्कच्या सिनेमाची डीव्हीडी पाठवते, खाली इंग्रजी अक्षरं येतात. काकूचं तेल मिळालं, तेही त्याच्याजवळच देते. रोज रात्री लावायचं, भरपूर नाही, थोडंच.

तालमी कधी सुरू होतात ते कळवा.

तुमची,
मीनल