मखमलाबाद रोडच्या ताईंना, त्या रविवारबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण त्या सकाळी ज्यांचं नेट परत आलं त्यांना ते कुणामुळे आलं हे ठाऊकच नाही.

गेल्या पावसाळ्यातली नाशिकची गोष्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती कमरेच्या वर बुडालेला आणि पंचवटीत संध्याकाळपासून लाइट नाही. रात्री दोनच्या सुमाराला, ज्यावरून आम्ही घरोघरी नेट पुरवतो त्या मुख्य राउटरची बॅटरीही उतरली. सकाळी सातला लाइट आली, राउटर उठला, फायबरचे दिवे हिरवे झाले, आणि तरी एकाही घरात नेट लागेना. मी सर्वर तीनदा बंद-चालू केला. तेवढंच मला येत होतं. ज्यांच्याकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं त्यांचा फोन रविवार म्हणून बंद.

तुमचा फोन आला तो तक्रारीचाच. पण "नेट कधी येणार" असं तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणालात, "भाऊ, सर्वर नाही म्हणतोय, की काहीच बोलत नाहीये?" अकरा वर्षं हा धंदा करतोय, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी गप्प. तुम्ही फोनवरच सांगितलंत, सर्वरसमोर बस आणि रॅडटेस्ट, म्हणजे लॉगिन करून बघायची कमांड, चालव: यूझरनेम, पासवर्ड, सर्वरचा पत्ता, एक पोर्ट नंबर आणि शेवटी सीक्रेट, म्हणजे सर्वरशी बोलायचा गुप्त शब्द. मी तुमचंच खातं टाकून चालवलं. उत्तर लगेच आलं, ॲक्सेस-रिजेक्ट, म्हणजे नकार, आणि खाली एक ओळ: तुम्ही आधीच लॉगिन आहात. घरात बसून नेटची वाट बघणाऱ्या बाईंना सर्वर सांगत होता की तुम्ही आत आहात!

अर्ध्या तासात तुम्ही दिंडोरी रोडच्या आमच्या गाळ्यात हजर. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, चपला हातात.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ग्राहकाचं कनेक्शन आमच्या राउटरपाशी आलं की राउटर लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्वरला विचारतो, याला आत घेऊ का? हे बोलणं 1812 पोर्टवर चालतं. हिशेब शेजारच्या 1813 वर: कनेक्शन लागलं की स्टार्ट, मधूनमधून इंटरिम अपडेट, म्हणजे तोवरचा हिशेब, तुटलं की स्टॉप. पद्धत डायल-अपच्या काळातली, 1991 मध्ये लिव्हिंगस्टन कंपनीत जन्मलेली, आणि 2000 च्या आरएफसी 2865 व 2866 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांत लिहून ठेवलेली. आमच्याकडचं रेडियस सर्वरचं सॉफ्टवेअर फ्रीरेडियस, ते 1999 मध्ये सुरू झालेलं, फुकट आणि खुलं. त्याच्याबरोबर कमांड लाइनची ही सगळी हत्यारं येतात. इतकी वर्षं ती माझ्याच मशीनवर पडून होती.

आता अडचण अशी की बॅटरी उतरलेला राउटर स्टॉप पाठवणार कसा? उठल्यावर त्याने "मी नव्याने सुरू झालोय" असा निरोप द्यायला हवा, म्हणजे सर्वर जुन्या लॉगिनच्या नोंदी बंद करतो. आमच्याकडे तो निरोप आलाच नाही. एका खात्यावर एकच लॉगिन असा नियम मीच लावलेला. त्यामुळे रात्रीपासून उघडी राहिलेली नोंदीची प्रत्येक ओळ आपल्याच मालकाला दारात अडवत होती.

तुम्ही आधी रॅडहू, म्हणजे आत्ता कोण आत आहे ते दाखवणारी कमांड, चालवलीत. यादी रिकामी. मी म्हटलं, बघा, कुणीच आत नाही. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. रॅडहू रॅडयूटीएमपी नावाची चालू लॉगिनची फाइल वाचतं, आमचा सगळा हिशेब डेटाबेसमध्ये. अडकलेलं लॉगिन काढणारं रॅडझॅपही त्याच फाइलच्या भरवशावर, म्हणून तेही इथे कामाचं नाही. मग तुम्ही डेटाबेसमध्ये शेवटची वेळ कोरी असलेल्या ओळी मोजल्यात. 213.

मी घायकुतीला आलो होतो. म्हटलं, ताई, सगळ्यांना आत्ताची वेळ टाकून मोकळे होऊ. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही. "तासांचा प्लॅन घेतलेले आहेत ना तुझ्याकडे? अंधारातले पाच तास त्यांच्या नावावर लिहायचे का?"

आणि तुम्ही एकेका खात्याचा खरा हिशेब लावायला घेतलात. आमच्याकडे इंटरिम दर 10 मिनिटांनी येतो. शेवटच्या इंटरिमची वेळ, तोवरचे सेकंद, तोवरचा डेटा, एवढंच धरायचं. डेटाचा आकडा 32 बिटांचा. 4,29,49,67,295 बाइट झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. अशा किती फेऱ्या झाल्या ते गिगावर्ड्स नावाच्या दुसऱ्या रकान्यात. मला कळेना, तेव्हा तुम्ही टेबलावरच्या पावतीच्या पाठीमागे शाळेतली बेरीज मांडलीत आणि म्हणालात, "हा हातचा आहे. हातचा विसरलास की गणित चुकलं." ती पावती माझ्या पाकिटात आहे.

तेवढ्यात एक काका भिजत ॲक्टिव्हावरून आले. मुलीचा इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता, मुदतीचा शेवटचा दिवस. तुम्ही पहिलं तिचंच खातं घेतलंत. सर्वरला निरोप पाठवणाऱ्या रॅडक्लायंट कमांडला हाताने स्टॉप लिहून दिलात आणि 1813 वर पाठवलात. सर्वरकडून पोच आली, पण जुनी ओळ तशीच, आणि खाली एक नवीच ओळ तयार! काकांचा चेहरा उतरला. तुम्ही शांतपणे दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघितल्यात. पाठवलेल्या निरोपात राउटरचा पोर्ट नंबर (1813 नव्हे, ग्राहक राउटरवर जिथे लागतो तो) राहिला होता. यूझरनेम, सेशन आयडी म्हणजे त्या लॉगिनचा क्रमांक, राउटरचा पत्ता आणि पोर्ट हे सगळं जुळलं तरच सर्वर ते तेच सेशन धरतो. फालतू ओळ पुसली, पोर्ट भरला, पुन्हा पाठवलं. जुनी ओळ बंद झाली. काकांनी घरी फोन लावला आणि पलीकडून मुलीचा "पप्पा, लागलं!" हा आवाज आपल्या तिघांनाही ऐकू आला.

उरलेल्या 212 ओळींसाठी तुम्ही छोटी स्क्रिप्ट लिहिलीत. साडेअकराला शेवटचं खातं मोकळं झालं.

तुम्ही तेवढ्यावर जाऊ शकला असतात. पण सीक्रेट म्हणून मी अजून सगळ्यांना ठाऊक असलेलं नमुन्यातलं टेस्टिंग123 च ठेवलंय हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही. ते माझ्याकडून बदलून घेतलंत. जुलै 2024 मध्ये जाहीर झालेली ब्लास्टरेडियस ही त्रुटी समजावलीत: निरोपावरची खूण बनवणाऱ्या एमडी5 या जुन्या गणिताच्या कच्चेपणामुळे वाटेत बसलेला माणूस सर्वरच्या नकाराचा होकार करू शकतो. आवृत्ती 3.2.5 च्या पुढे नेली आणि मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे निरोप खरा असल्याची खूण, सक्तीचा केला, तोवर तुम्ही उठला नाहीत. आणि चालू सर्वर न थांबवता रॅडडीबगने एकाच ग्राहकाचं बोलणं कसं ऐकायचं, तेही शिकवलंत. साठ सेकंदांनी ते आपलं आपण थांबतं. गेल्या महिन्यात मेरी संस्थेच्या बाजूच्या एका घराचं नेट सारखं तुटत होतं. मी सर्वरला हात न लावता आधी ते ऐकलं. बिचाऱ्यांच्या राउटरमध्ये जुनाच पासवर्ड होता.

पैशांचं विचारलं तर तुम्ही चहा मागितलात. त्या महिन्याचं बिलही पूर्ण भरलंत. ते मात्र मी चालू दिलेलं नाही. इतर सगळ्यांचे ते बंद पडलेले तास वजा झाले, तसे तुमचेही केलेत आणि रक्कम पुढच्या बिलात वळती केली आहे. हिशेब तुम्हीच शिकवलात, आता नाही म्हणू नका.

आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने तुमच्या कमांड वहीत उतरवून घेतल्यात. रॅडक्लायंटचं पान त्याला अजून नीट जमत नाही. एखाद्या शनिवारी गाळ्यावर आलात तर त्याला पाच मिनिटं दाखवाल का? मिसळ माझ्याकडून.

तुमचा आभारी,
दिंडोरी रोडचा नेटवाला भाऊ