सुमे, त्या दोन फ्री थ्रोंबद्दल

कोलंबिया, साउथ कॅरोलायना

प्रिय सुमे,

दीड वर्ष ना पत्र, ना फोन. चूक सगळी माझी. तब्येत बरी आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो तेवढाच.

गेल्या शनिवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? इथल्या शाळकरी मुलींना मी बास्केटबॉल शिकवते. मॅचमध्ये आम्ही एका गुणाने मागे, चार सेकंद उरलेले, आणि बारा वर्षांच्या एका पोरीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही हुकले. ती बेंचकडे आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यामुळे गेली मॅच." ती काही बोलली नाही. खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ सुटेना, तरी ओढतच राहिली. सुमे, कोल्हापूरला तू अशीच बसली होतीस. आणि तुला बोलले होते तेही हेच शब्द.

वर मी असंही म्हणाले होते की तुझा पास उशिरा आला. पास वेळेवर होता. आज कबूल करते. (सेमीफायनलला तू मारलेलं कोपर मात्र फाऊलच होतं, ते मी मरेपर्यंत म्हणणार!)

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. या गावात बास्केटबॉल म्हटलं की डॉन स्टेलीबाई, इथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या कोच. खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णं, पण कॉलेजचं विजेतेपद एकही नाही. 1991च्या फायनलला त्यांचं व्हर्जिनिया विद्यापीठ जादा वेळेत टेनेसीकडून 70-67 असं हरलं. टेंपल विद्यापीठाच्या कोच झाल्या तेव्हा स्वतः अजून व्यावसायिक लीगमध्ये खेळत होत्या. 2008 साली इथे आल्या. पहिल्या मोसमात 10 जिंकल्या, 18 हरल्या. विजेतेपद आलं ते थेट 2017 साली.

पण मला राहून राहून आठवत होती 2023ची सेमीफायनल. त्या मोसमात एकही मॅच न हरलेला त्यांचा संघ आयोवाकडून 77-73 असा हरला. त्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने बाईंच्या रेव्हन जॉन्सनला हात झटकून मोकळं सोडून दिलं, अडवलंच नाही, मार म्हणावं बास्केट खुशाल. तो व्हिडिओ देशभर फिरला. खेळ सोडायचं मनात आलं होतं, असं जॉन्सननेच नंतर सांगितलं. पुढच्या वर्षी पहिल्या पाचातल्या पाचही जणी गेलेल्या. बाईंनी पॉइंट गार्डला, म्हणजे खेळ चालवायच्या जागी, उभी केली ती जॉन्सनलाच! 38 पैकी 38 जिंकल्या. फायनलला पुन्हा आयोवा, 87-75, आणि क्लार्कला अडवायला जॉन्सन. पहिल्याच हाफमध्ये तिने क्लार्कच्या हातातून बॉल काढून घेतला. मी घरात एकटीच ओरडले.

मी काय केलं होतं? दुसऱ्या दिवशी तू ग्राउंडवर आली नाहीस. तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी गेले नाही. तुझ्या जागी दुसरी घेतली आणि सराव सुरू केला. तू परत कधी बॉलला हात लावलास का, हे विचारायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

काकूंचं डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? लेकीच्या बारावीचं काय? सविस्तर लिही.

त्या पोरीच्या आईला फोन केला तर म्हणाली, "बघू." उद्या मी त्यांच्या घरी जाणार आहे. सुमे, त्या दिवशी मी तुझ्या दारात आले असते, तर तुला माझ्याकडून काय ऐकायचं होतं?

तुझी,
मंगी