राजघराण्यालाही टोल!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीकडे बर्मिंगहॅमला गेले होते, तेव्हा श्रॉपशायरमधला ‘आयर्न ब्रिज’ पाहून आले. ओतीव बिडाचा हा जगातला पहिला मोठा पूल. सेव्हर्न नदीवर १७७९ मध्ये उभा राहिला, १ जानेवारी १७८१ला रहदारीसाठी खुला झाला. तीस मीटरची एकच कमान, सुमारे ३७८ टन बीड.

माझे वडील सुतारकाम करायचे, त्यामुळे नजर आधी सांध्यांवर गेली. लोखंडाचा एवढा पूल जोडायचा कसा, याचा नमुनाच तेव्हा नव्हता. मग कारागिरांनी तो लाकडासारखाच जोडला. खाच, तिच्यात बसणारं कुसू, वरून पाचर. आमच्या घरचा देव्हारा असाच जोडलेला आहे, फक्त सागवानाचा! २०१८च्या डागडुजीत राखाडी रंग जाऊन पुलाला मूळचा गडद तांबूस रंग परत मिळाला आहे.

पण पत्र लिहायला बसले ते टोलघरावरच्या पाटीमुळे. जुन्या दरपत्रकाखाली तळटीप आहे: पूल खासगी मालकीचा असल्यानं लष्करी अधिकारी असो की सैनिक, कामावर असो वा नसो, टोल पडेलच. सामानाच्या गाड्या, टपालगाडी आणि राजघराणंही सुटणार नाही. मी ती दोनदा वाचली. आपल्या नाक्यांवरची पाटी नेमकी उलटी असते. राष्ट्रपतींपासून आमदारांपर्यंत कोणाकोणाला माफ, याची ही लांबलचक यादी. आणि तिच्याखाली आपण रांगेत.

तिथला टोलही थोडाथोडका चालला नाही. पूल उभारणारा तिसरा अब्राहम डार्बी वाढलेल्या खर्चापायी आयुष्यभर कर्जात राहिला, तेव्हा वसुलीला कारण होतं. १९३४ मध्ये वाहनं बंद झाली, तरी पायी जाणाऱ्यांकडून वसुली चालूच. ती थांबली १९५० मध्ये, पूल कौंटी कौन्सिलच्या ताब्यात गेल्यावर. पण थांबली.

आपल्याकडे माफीच्या यादीशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तीन ओळी रंगवाव्यात: खर्च किती, आजवर वसूल किती, शेवटची तारीख कोणती.

आपली नम्र,
एक वाचक, कराड

ता. क. : पुलावरून चालायला आता पैसे पडत नाहीत. गाडी लावायचे पडतात. जावयांनी मुकाट्यानं भरले.