तळ्याचे पाणी पहाटे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळ्यांच्या शुद्धीकरणाच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. पालिकेने कारंजी बसवली, जलपर्णी काढली, जिवाणूंचे द्रावण सोडले आणि तपासणीत पाणी सुधारल्याचे दिसले, असा मजकूर असतो. नमुना किती वाजता घेतला, हे मात्र कुठेच नसते. पाण्याचे नमुने तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, त्यामुळे माझी नजर आधी तेच शोधते.

हिरव्यागार तळ्यातले शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडत असते. दुपारी तीनच्या सुमाराला ऑक्सिजन मोजणारा मीटर बुडवला, तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे दहा-बारा मिलिग्रॅमही दिसू शकतो. तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात तो एरवी साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. म्हणजे कागदावर छान दिसणारा हा आकडा खरे तर शेवाळ माजल्याची खूण आहे. रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ मिळून ऑक्सिजन संपवत राहतात. उजाडण्याच्या सुमारास तो दोनच्याही खाली जाऊ शकतो, आणि मासे मरतात ते त्याच वेळी. सकाळी फिरायला आलेल्यांना काठाला लागलेले मेलेले मासे दिसतात. पण नमुना घेणारा माणूस अकराला पोहोचतो, तोवर ऊन लागून पाणी पुन्हा सावरलेले असते. मग इतके मासे मेले कशाने, याचे उत्तर अहवालात सापडणार कसे?

म्हणून पालिकांना माझी कळकळीची विनंती आहे की, तळ्यातल्या ऑक्सिजनची मोजणी सूर्योदयापूर्वी करावी, पृष्ठभागावर आणि तळाजवळ, दोन्हीकडे. पहाटेचा आकडा महिनोन्महिने पाच मिलिग्रॅमच्या वर राहिला, तरच सुधारणा झाली म्हणावे. जोडीला नाल्याच्या तोंडाशी फॉस्फरस मोजावा, कारण दुखण्याचे मूळ तिथे आहे. मैलापाण्यातून आणि शेतातल्या खतांतून येणारा फॉस्फरस फार थोडा असला, तरी त्यावर शेकडो पट वजनाचे शेवाळ पोसले जाते. जिवाणूंची द्रावणे विकणारे याबद्दल बोलत नाहीत. जिवाणू सेंद्रिय घाण कुजवतील; पण फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे, ते कोणताही जिवाणू नाहीसे करू शकत नाही. ते पाण्यातून गाळात जाईल आणि तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातून परत वर येईल.

अमेरिकेत सिएटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन सरोवराची कहाणी पालिकेच्या प्रत्येक अभियंत्याने वाचावी अशी आहे. तिथे सोडले जाणारे सांडपाणी प्रक्रिया केलेले होते, तरीही सरोवर शेवाळाने हिरवे झाले. १९५८ मध्ये तिथल्या नागरिकांनी मतदान करून सांडपाण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारायला मान्यता दिली. १९६३ पासून सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवले गेले आणि १९६८ पर्यंत ते काम पुरे झाले. सरोवरात औषध सोडले नाही की गाळ काढला नाही, तरी काही वर्षांतच पाणी नितळ झाले. अर्थात ते सरोवर खोल आहे. उथळ तळ्यांचे तसे होत नाही. स्वीडनमधल्या ट्रुमेन या उथळ तळ्यात सांडपाणी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस थांबले, पण पुढची दहा वर्षे पाण्याची दशा तीच राहिली, कारण जुना गाळच आता फॉस्फरस सोडत होता. १९७० आणि १९७१ मध्ये गाळाचा वरचा सुमारे मीटरभर थर शोषून काढला, तेव्हा कुठे फरक पडला.

आधी नाला अडवायचा, मग गाळ काढायचा, हा क्रम उलटा करून चालत नाही. नाला वाहता ठेवून गाळ उपसला, तर काही पावसाळ्यांत तो पुन्हा साचतो आणि खर्च पाण्यात जातो. कारंजी वरच्या पाण्यात थोडीफार हवा मिसळतात, पण तळाला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे हवा द्यायची तर नळ्यांतून खालून बुडबुडे सोडावे लागतात, तेही रात्री. कारंजी मात्र संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात चालतात आणि गर्दी ओसरली की बंद होतात. पाण्याला हवेची गरज असते नेमकी त्यानंतर.

गळ्यापर्यंत घाण पाण्यात उतरून जलपर्णी ओढणाऱ्या कामगारांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. त्यांना हातमोजे, गमबूट आणि कामानंतर आंघोळीला स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे. पण त्यांनी काढलेली जलपर्णी काठावरच रचून ठेवतात, ती पावसात कुजते आणि शोषलेले सगळे पुन्हा तळ्यात उतरते. त्याच दिवशी गाडी लावून ती उचलून न्यावी, एवढी साधी गोष्ट तरी व्हावी. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला सिमेंटची भिंत बांधणेही थांबवावे. काठावरचे गवत आणि पाणवनस्पती वाहून येणारी माती अडवतात. ते खरडून काढले की तळ्याची उरलीसुरली गाळणीही जाते.

निविदेत 'कारंजी बसवणे', 'द्रावण फवारणे' अशी कामे मोजून पैसे देण्याऐवजी निम्मी रक्कम तरी वर्षभराच्या पहाटेच्या आकड्यांशी बांधावी. मोजणी कंत्राटदाराने करू नये, ती वेगळ्या प्रयोगशाळेकडे असावी. आणि आकडा तळ्याकाठच्या फलकावर दर आठवड्याला, तारीख आणि वेळेसह लिहावा, खडूने लिहिला तरी चालेल. आपल्या बातमीदारांनाही विनंती आहे की, पुढच्या वेळी पाणी सुधारल्याचे कुणी सांगितले, तर नमुन्याची वेळ जरूर विचारावी आणि ती छापावी.

आपला,
एक वाचक