न्यूरेंबर्गच्या तिरक्या वाटेसाठी आपले आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे दस्तऐवज केंद्र, म्हणजे नाझींच्या अपुऱ्या राहिलेल्या सभागृहात उभारलेले त्या काळावरचे प्रदर्शन, निवडले, तेव्हा माझ्या पहिल्या ट्रेसिंगच्या कोपऱ्यात आपण पेन्सिलीने लिहिले होते : ‘नवे बांधकाम जुन्याला सजवते की अडवते?’ त्या प्रश्नाबद्दल आणि त्यापायी आपण घरी माझ्यासाठी खर्ची घातलेल्या दोन संध्याकाळींबद्दल हे जाहीर आभार.

मी दर्शनी भागातच अडकले होते. लुडविग आणि फ्रांझ रुफ यांनी नाझी पक्षासाठी आखलेल्या, 50,000 माणसे बसतील अशा त्या सभागृहाची पायाभरणी 1935 मध्ये झाली. पुढे युद्धामुळे काम थांबले आणि छत कधीच चढले नाही. तरीही त्या ग्रॅनाइटच्या कमानींपुढे माणूस क्षुद्र वाटावा, हा मूळ हेतू नुसत्या छायाचित्रातूनही साधतो, आणि मी नकळत त्यालाच दाद देत होते.

आपण ते चित्र बाजूला सारून मला उत्तरेकडच्या भागाचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत जे दिसेल त्याचे रेखाचित्र, काढायला बसवलेत. ऑस्ट्रियन वास्तुकार ग्युंटर डोमेनिग यांनी काच आणि पोलाद यांची सुमारे 130 मीटर लांबीची वाट त्या भागातून भाल्यासारखी तिरकी आरपार नेली आहे. जिथे भिंत आडवी आली, तिथे वाट वळली नाही, भिंत कापली गेली. मूळ आखणीची सारी जरब काटकोनांत होती, म्हणून त्यांनी काटकोनच नाकारला, हे माझ्या हाताला रेघ ओढता ओढता कळले. डोमेनिग यांचे आईवडील स्वतः नाझी विचारांचे होते, हे आपण त्याच वेळी सांगितलेत, आणि त्या छेदाची धार मला वेगळीच जाणवली.

मी आतल्या उघड्या विटांना गिलावा सुचवला होता. आपण रागावला नाहीत. ग्रॅनाइटच्या मुखवट्यामागे साधी वीट आहे, हे दिसणे हाच त्या प्रदर्शनाचा पहिला पुरावा आहे, एवढेच म्हणालात. इतके नेमके मला कोणी शिकवले नव्हते.

यंदा मी तिथे जाऊन आले. वाट संपते तिथे ती आतल्या अंगणावर बाहेर डोकावते, आणि ते अपुरे राहिलेले सभागृह वरून पाहताना त्याचा दरारा उरत नाही. आपण बरोबर असायला हवे होतात, असे फार वाटले.

सेक्शनची प्रत सोबत पाठवते आहे. आपल्या पेन्सिलीच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी