मंत्रिमहोदय, एक पन्हळ बदलायचं होतं

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, आपण पुण्यात रविवार पेठेतल्या आमच्या वाड्यात आला होतात. चौकात सुरूच्या झाडासारख्या घाटाच्या खांबावर हात ठेवून आपण मला म्हणालात, "वहिनी, पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीची परवानगी तुमच्या हातात असेल." तो पावसाळा गेला, या वर्षीचाही निम्मा सरला. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मागच्या चौकावरचा सज्जा कोसळला. भाडेकऱ्यांची सून वाळलेले कपडे काढून नुकतीच आत गेली होती, म्हणून वाचली. आणि शुक्रवारी दारावर नोटीस चिकटवली गेली: इमारत धोकादायक आहे, उतरवून घ्या.

त्या नोटिशीत आमच्या वाड्याचं वर्णन तीन शब्दांत आहे. 'जुने लाकडी बांधकाम.' बेचाळीस वर्षं मी या घरात राहते आहे, तेव्हा थोडं जास्त मी सांगते.

माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांची कापडाची पेढी होती. रविवार पेठ म्हणजे व्यापाऱ्यांची, सराफांची पेठ. म्हणून रस्त्याला अरुंद तोंड आणि आत खोल गेलेली जागा. पुढे पेढी, खाली गठ्ठ्यांसाठी तळघर, मग गिऱ्हाइकांचा आणि मुनिमांचा पहिला चौक, त्यामागे माजघर आणि घरच्या बायकांचा दुसरा चौक. धंदा आणि संसार एका छपराखाली, पण एकमेकांच्या पायात न येणारे. घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी सांगाडा. भार सगळा लाकडावर, भिंती नुसत्या मधली जागा भरायला. लाकडात लाकूड बसवलेलं, सांध्यांत खिळा नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घर पाळण्यासारखं हललं आणि परत जागेवर आलं, असं सासूबाई सांगायच्या. एका कोनाड्यातली समई पडली, एवढंच नुकसान. उन्हाळ्यात दुपारी चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि ओसरीवर पंख्याशिवाय झोप लागते. वास्तुकला शिकणारी मुलं दरवर्षी येतात, टेप लावून चौकाची मापं घेतात, गच्च बांधलेल्या शहरात हवा कशी खेळवायची ते या घराकडून शिकतात. ही मुलं ज्याला धडा म्हणतात, त्याला आपलं खातं धोका म्हणतं.

आता दुरुस्तीचं ऐका. २०१९ मध्ये मी पहिला अर्ज केला. मागणी काय होती? दोन छपरं मिळतात तिथलं गंजलेलं पन्हळ बदलायचं आणि पंचवीस-तीस कौलं. बस. आमचा वाडा वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे, म्हणून परवानगीशिवाय हात लावायचा नाही असं मला बजावलं गेलं. मी लावला नाही. एका टेबलावर नकाशे मागितले, दुसऱ्या टेबलावर भाडेकऱ्यांची संमती, तिसऱ्यावर दिराची सही. दीर म्हणतात, बिल्डरला देऊन मोकळे होऊ. तेवीस चकरा मी मोजल्या, पुढे मोजायचं सोडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काठी घेऊन गेले, तर साहेब बाहेरगावी. मधे एक इंजिनिअर येऊन गेले आणि सिमेंटचा गिलावा व लोखंडी गर्डर सुचवून गेले. अहो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. हे आमच्या सुताराला कळतं. तो चुना मळताना गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालतो. त्याचं वय बाहत्तर आहे आणि त्याच्यानंतर ते काम करणारा मला माहीत नाही. सहा पावसाळे त्या पन्हळातून पाणी तुळईच्या टोकात मुरलं. मंगळवारी पडलं ते तेच टोक. सागवान आणण्यासाठी मी पाटल्या विकल्या होत्या. ते लाकूड तीन वर्षं ओसरीवर पडून आहे!

एक कायदा म्हणतो हात लावाल तर याद राखा, दुसरा म्हणतो पाडा नाहीतर आम्ही पाडू. दोन्ही कागदांवर राजमुद्रा एकच. मी कोणता पाळू?

पैसे कुठून आणायचे, हेही आपणच सांगा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर गोठवली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण बावीस रुपयांचे चार टक्के किती होतात? आमच्या चार भाडेकऱ्यांचं महिन्याचं सगळं भाडं एक पोतं चुनाही आणत नाही. त्यांचाही दोष नाही, तीही माझ्यासारखीच ओल्या भिंतींखाली झोपतात.

रागावून लिहिते आहे, पण खरं लिहिते. या राज्यात वारसा म्हणजे फक्त राजांचा. पेशव्यांचा वाडा जपायचा आणि पेशव्यांना कर्ज देणाऱ्या सावकारांच्या पेठा बुलडोझरला द्यायच्या. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनच्या पैशातून पुण्याचं ससून रुग्णालय उभं राहिलं. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने पैसा दिला, म्हणून मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला त्याच्या आईचं, राजाबाईचं, नाव आहे. व्यापाऱ्यांनी शहरं बांधली आणि त्यांच्या घरांची नोंद कुठे होते? धोकादायक इमारतींच्या यादीत. ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तो वाडाही आपल्याला उभा ठेवता आला नाही. वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहिला, ढासळला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ मध्ये, नदीकाठचे वाडे पाण्याने नेले. त्यानंतर माझ्या डोळ्यांदेखत आमच्या आसपासचे निदान तीसेक वाडे गेले, त्यातला एकही पाण्याने नेला नाही.

मला अनुदान नको, सत्कार नको, दारावर वारसा वास्तूची निळी पाटीही नको. ही नोटीस थांबवा. चुन्या-लाकडाचं काम कळणारा एक माणूस पाठवा, त्याला सांगाडा ठोकून बघू द्या. आणि पन्हळ, तुळई व सज्जा जुन्याच पद्धतीने बसवण्याची लेखी परवानगी द्या. सुतार हो म्हणाला आहे, लाकूड घरात आहे.

नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची आहे. त्यातले पाच गेले. मागच्या चौकावर आम्ही ताडपत्री बांधली आहे, रात्री वारा सुटला की भाडेकऱ्यांचा मुलगा आणि मी उठून तिची टोकं धरतो.

आपली,
रविवार पेठेतली एक घरमालकीण